मोडलं तर कुणाकडे न्यायचं? गोव्यातल्या घरासाठी हस्तकलेच्या वस्तू जपताना आणि घेताना

आमच्या डिचोलीच्या जुन्या घरातल्या न्हाणीत तांब्याचं भाण होतं. खाली चूल आणि वर मातीत गच्च बसवलेलं भाण. पहाटे पाचला आजी चूल पेटवायची, सहाला अख्ख्या घराच्या आंघोळीचं पाणी तयार. आम्ही फोंड्याला फ्लॅट घेतला तेव्हा गीझर आला, भाण अडगळ ठरलं आणि ते भंगारात किलोच्या भावाने गेलं. काही महिन्यांनी आत्या आली. तिने पहिला प्रश्न विचारला, "काठावरचं नाव वाचलं होतंस?" काठावर टिंबाटिंबांनी घातलेलं नाव होतं म्हणे, माझ्या पणजीचं, माहेरचं. ते नाव आता घरात कुणालाच आठवत नाही. कुठल्या कागदावरही नाही. ते फक्त त्या तांब्यावर होतं.

हाताने केलेल्या वस्तू घरात आणायच्या, त्या करणाऱ्याला योग्य दाम पोचवायचं, असं हल्ली अनेकांना मनापासून वाटतं. चांगलंच आहे. पण सुरुवात बाजारातून करू नका, घरातून करा. आणि घरातलं असो की नवं, प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारा: हे मोडलं तर मी कुणाकडे नेऊ? उत्तर देता आलं, तर ती वस्तू कुठून आली, कुणी केली, पैसे कुणाला मिळाले हे बहुतेक सगळं तुम्हाला आधीच माहीत असतं.

आधी घराची मोजदाद

दोन दुपारी राखून ठेवा. एक दोनशेपानी वही, फोन, टॉर्च, मोजपट्टी, वजनकाटा आणि घरातलं सर्वांत वडीलधारं माणूस, एवढं पुरे. खोलीवार जा. माळा, न्हाणी, गोठ्याची पडवी आणि देवघराखालचं कपाट विसरू नका; जुन्या वस्तू तिथेच सापडतात. आमच्याकडे दुसऱ्या फेरीत माळ्यावरून निघालं ते असं: तीन पाट, एक चौरंग, आदोळी, कुडव आणि पायलीची मापं, दोन समया, एक लामणदिवा, गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची माटोळीची लाकडी चौकट, आणि आईच्या लग्नातली एक पेटी जिची किल्ली नाही.

प्रत्येक वस्तूला एक पान द्या. वर आकडा, मग घरात तिला जे नाव आहे ते. 'तांब्याचं मोठं पातेलं' असं लिहू नका. आई जर त्याला 'चवथीचं पातेलं' (चवथ म्हणजे गणेशचतुर्थी) म्हणत असेल तर तेच लिहा, कारण त्या नावातच तिचा उपयोग आहे. मग उंची, रुंदी, वजन, कशाची आहे, कुठे पिचकली आहे. फोटो चार: समोरून, तळ, आतली बाजू आणि कुठे खूण असेल तर तिचा जवळून.

वडीलधाऱ्यांना "हे किती जुनं?" असं विचारू नका. साल कुणाला आठवत नाही. "हे कुणाच्या लग्नात आलं?", "हे आलं तेव्हा तुम्ही शाळेत जात होता का?", "यात काय शिजायचं?" असं विचारा. माझ्या सासूबाईंना एका पितळी डब्याबद्दल काहीच आठवेना. त्यात काय असायचं म्हटल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "सोलं. पावसाळ्याची." सोलं म्हणजे आमसुलं. आणि मग डब्यासोबत अर्धा तास एक अख्खं घर बोलून गेलं. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, पण परवानगी घेऊन. फोन टेबलावर उघडा ठेवा, लपवून नको.

भांड्यावरची नावं वाचायची एक सोपी रीत आहे. भांडं कोरडं पुसा, कडेवर तांदळाची थोडी पिठी बोटाने चोळा आणि वरची मऊ फडक्याने हलकेच झटका. टिंबांत पांढरं राहतं. मग खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा. पुसट अक्षरंसुद्धा उठून दिसतात. नावासोबत शके असेल तर त्यात ७८ मिळवा म्हणजे इसवी सन येईल. वस्तू पौष ते फाल्गुन या महिन्यांतली असेल तर ७९. शके १८७० म्हणजे १९४८, गोवा मुक्त व्हायला अजून तेरा वर्षं होती.

जुनं तांब्याचं भांडं हाताचं आहे का, हे आतून पाहा. पत्रा वळवून सांधलेल्या भांड्यात बुडाशी किंवा उभ्या सांध्यावर दातेरी रेघ दिसते, करवतीच्या दातांसारखी. पत्र्याला दाते पाडून, एकमेकांत गुंतवून, मग डाग देऊन ठोकून सपाट केलेला तो सांधा असतो. बोट फिरवलं तर कळतही नाही, फक्त रंगाचा थोडा फरक. ही रेघ सापडली की त्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण असं काम आता फार थोडे जण करतात.

वाटण्याआधी, विकण्याआधी

इथे कायदा आड येतो आणि तो माहीत असलेला बरा. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, कोरीवकाम किंवा कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक, साहित्यिक वा तशा मोलाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणीही करावी लागते, त्या घरच्या देव्हाऱ्यात असल्या तरी. दुबईला किंवा लिस्बनला असलेल्या भावाने "आजीची समई पाठव" म्हटलं, तर आधी तिचं वय ठरवा. वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो.

दुसरी गोष्ट वाटणीची. गोव्यात मुलगा आणि मुलगी यांचा वारसाहक्क सारखा आहे, पोर्तुगीज काळापासून. आजच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यातही तो तसाच आहे. तरीही घरातली भांडी 'सुनांकडे' जातात आणि लेकींना विचारलं जात नाही. वारसांच्या वाटणीसाठी कोर्टात चालणाऱ्या इन्व्हेंटरीच्या कामात जंगम वस्तूही येतात, हे लक्षात ठेवा. माझं मत असं: वही पूर्ण झाल्यावर तिची प्रत सगळ्या भावंडांना द्यावी, मग एका दिवशी सगळ्यांनी बसून पाळीपाळीने एकेक वस्तू निवडावी. समयांची जोडी फोडू नये. ज्याला वस्तू मिळाली नाही त्याला तिचं पान तरी मिळावं.

भंगारात देण्यापूर्वी एकदा तरी जुन्या घरगुती आणि शेतीच्या वस्तू जपणाऱ्या संग्रहालयाला विचारा. बाणावलीचं 'गोवा चित्र' अशाच वस्तूंनी उभं राहिलेलं आहे. आपण ज्याला अडगळ म्हणतो ती तिथे मान राखून मांडलेली पाहिली की घरी येऊन माळा नव्या नजरेने दिसतो.

आणखी एक. जुन्या घराच्या शिंपल्यांच्या खिडक्या काढल्या असतील तर त्या फेकू नका. तो पातळ, दुधी काचेसारखा शिंपला आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे नवा घेणं योग्य नाही. फुटलेल्या तावदानांतले चांगले शिंपले काढून एक खिडकी पुरी करता येते. प्रवाळाचे तुकडे, कासवाच्या पाठीची पेटी किंवा हस्तिदंत कुणी देऊ केलं, तर हात जोडून नको म्हणा.

जे आहे ते आधी वापरात आणा

तांब्या-पितळेच्या भांड्यांत स्वयंपाक करायचा तर कल्हई हवीच. आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेत उतरला की विषबाधेचा धोका असतो. कल्हईवाला सापडणं कठीण झालंय, पण अशक्य नाही. आमच्या वाड्यावर आम्ही सात घरांनी मिळून भांडी जमवली आणि त्याला दिवसभराचं काम दिलं, तेव्हा तो आला. एका पातेल्यासाठी कुणी भाता घेऊन येणार नाही, आणि त्याने यावं अशी अपेक्षाही रास्त नाही.

तो काम करतो तेव्हा उभं राहून बघा. भांडं घासून आतून लखलखीत करतो, निखाऱ्यांवर उलटंपालटं तापवतो, मग नवसागराची चिमूट टाकतो. पांढरा धूर भस्सकन वर येतो. त्या धुराआडून तो कथलाची कांडी भांड्याला नुसती टेकवतो, आणि कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत आतून चांदी पसरत जाते. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. मग पाण्यात बुचकळताच चर्र. कांडी शुद्ध कथलाची आहे ना, एवढं आधी विचारा. शिशाची भेसळ असलेली स्वस्त पडते आणि ती पोटात जाते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवायचं नाही आणि तारेच्या काथ्याने घासायचं नाही. आत तांबूस डाग दिसू लागले की पुन्हा कल्हई.

समया आणि पूजेची भांडी सोलांच्या आगळाने किंवा चिंचेने धुवा, लगेच साध्या पाण्याने, लगेच कोरडी. 'नव्यासारखी चमक' देणारी दुकानातली आम्लं वापरू नका. नक्षीच्या कडा झिजतात आणि घातलेली नावं पुसली जातात.

लाकडाचं वैर आपल्या पावसाशी आहे. जून ते सप्टेंबर इथे साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बंद खोलीतला पाट ऑगस्टपर्यंत पांढरा होतो. लाकडी वस्तू भिंतीला टेकवू नका, मध्ये चार बोटं हवा राहू द्या. पावसाआधी आणि पावसानंतर कोरड्या फडक्याने पुसा. फणसाच्या किंवा सागाच्या साध्या पाटाला खोबरेल तेलाचा हलका हात चालतो. पूर्वी वाशांना, होड्यांना काजूबियांच्या टरफलांचं तेल लावत. ते टिकाऊ असतं, पण कातडीवर फोड आणतं. घरी करण्याचा उद्योग नाही, सुतारावर सोपवा. लाखेचा चौरंग किंवा पाळणा असेल तर त्याला स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अत्तर लागू देऊ नका, लाख त्यात विरघळते.

आणि लुगडी. आजीची सुती नऊवारी विरली असेल तर ती कपाटात दुमडून ठेवण्यापेक्षा तिची गोधडी करून घ्या. तीन-चार लुगड्यांत एक होते. जी बरी आहेत ती प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता धुतलेल्या मलमलीत ठेवा आणि दर काही महिन्यांनी घडी बदला. कापड घडीवरच पहिलं फाटतं.

मग बाजार

आता वहीवरून कळतं की घरात खरोखर काय नाही. आमच्याकडे पाण्याची मातीची भांडी नव्हती, रोवळी नव्हती आणि नातवंडासाठी खेळणं हवं होतं. एवढंच घ्यायला निघालो.

मातीसाठी डिचोली. मी गेले तेव्हा कुंभारीण मावशी मडक्याचं बूड बडवत होत्या. चाकावर फक्त गळा आणि जाड भिंत उतरते. बूड नंतर हाताने करतात. आतून गोल गुळगुळीत दगड धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकायचं, आणि मडकं मांडीवर कणाकणाने फिरवत राहायचं. थापटण्याचा आवाज सुरुवातीला बद्द असतो. भिंत पातळ होत जाते तसा तो वर चढतो, आणि मावशी बघत नव्हत्याच, त्या ऐकत होत्या. मी जुलैत दहा भांड्यांची मागणी घेऊन गेले होते. त्या म्हणाल्या, "बाये, पावसात माती वाळत नाही. वाळली नाही तर भट्टीत फुटते. चवथीनंतर ये." पावसाळ्यातही हवी तेवढी 'हाताची' मडकी कुणी लगेच देत असेल, तर ती कधी आणि कुठे भाजली हे विचारा. ज्या कामाला ऋतू असतो त्याला घाई करून चालत नाही. मातीची मागणी पाऊस सरल्यावर द्यावी आणि उन्हाळ्यापर्यंत थांबायची तयारी ठेवावी.

घेताना मडकं टिचकी मारून ऐका, खणखणीत वाजलं पाहिजे. भेग असेल तर आवाज फुटका येतो. स्वयंपाकासाठी रंगवलेलं, चकचकीत घेऊ नका. घरी आणल्यावर एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, मग तांदळाची पेज घालून मंद आचेवर शिजवा, थंड होऊ द्या, धुवा. आच हळूहळू वाढवायची, हा नियम कायमचा.

लाखेच्या रंगकामासाठी कुंकळ्ळीचे चितारी. पाट, पाळणे, चौरंग. चरकावर लाकूड फिरत असताना लाखेची रंगीत कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, आणि मग केवड्याच्या पानाने घोटून तिला झळाळी आणतात. ब्रशने मारलेल्या एनॅमलमध्ये आणि यात फरक असा, की एनॅमलला कोपऱ्यात ओघळ येतात, ब्रशच्या केसांच्या रेषा दिसतात. लाखेत चरकाची बारीक, गोल वळणं दिसतात. खेळण्यांसाठी आम्ही म्हापशाहून तासाभराच्या वाटेवरच्या सावंतवाडीला, चितार आळीत गेलो. तिथली फळं आणि खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. गंजिफाचे हाती रंगवलेले पत्ते पाहायचे असतील तर तिथल्या राजवाड्यात जा. सत्तरच्या दशकापासून राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती कला जगवली.

बांबूचं सूप, रोवळी, टोपल्या आठवड्याच्या बाजारात मिळतात, म्हापशाला शुक्रवारी, बाणस्तारीला गुरुवारी. विणणाऱ्या बाईकडूनच घ्या. चवथीच्या आधी सुपांना मागणी असते तेव्हा ती चार पैसे जास्त सांगेल. तेव्हा घासाघीस करू नका, तिचं वर्ष त्या पंधरवड्यावर चालतं. करवंटीचे दवले म्हणजे डाव, क्रोशाचे रुमाल, कुणबी विणीचं लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड, रंगवलेल्या फरशा हेही इथलंच. कुणबी साडीला पुन्हा लोकांसमोर आणण्यात कोलवाळचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचा मोठा वाटा. पण बाजारात यंत्रमागाचं चौकड्यांचं कापडही 'कुणबी' म्हणून विकतात. हातमाग चिन्ह आहे का ते पाहा. कुठून सुरुवात करावी सुचत नसेल तर सरकारी हस्तकला महामंडळाच्या 'अपरान्त' दुकानांत एक फेरी मारा, कारागीर कुठल्या गावचा ते तिथे विचारता येतं.

पितळ घेताना मी एकदा फसले आहे. एका दुकानातून 'शंभर वर्षांचा' लामणदिवा घेतला, काळसर, छान. पहिल्याच पावसात काळेपणा हाताला येऊ लागला. साखळीच्या कड्या उघडून पाहिल्या तर आतून लखलखीत पिवळ्या. खऱ्या जुन्या वस्तूत झीज जिथे हात लागतो तिथेच असते: कडीत, पकडीत, तेल ओतायच्या तोंडाशी. सगळीकडे सारखा काळा रंग म्हणजे आम्ल किंवा पॉलिश. नव्या समयांचेही भाग सुटे करून पाहा. आटे स्वच्छ बसतात का, बुडाला वजन आहे का, उभी केली की डुलत नाही ना.

भाव, मागणी आणि चार प्रश्न

कारागिराला "कितीला देणार?" याआधी "याला किती दिवस लागतात?" हे विचारा. समजा पाटाला चार दिवस, आणि तुम्ही घरी सुताराला दिवसाची मजुरी हजार रुपये देता. मग लाकूड आणि लाख सोडून चार हजार ही त्या हातांची किंमत झाली. आठशेला सांगितलेला 'हाताने केलेला' पाट या हिशेबात कुठेच बसत नाही: एक तर तो हाताचा नाही, नाहीतर कुणाचे तरी दिवस फुकट गेलेत.

मग विचारा: हे कुणी केलं, त्यांचं गाव कुठलं, कच्चा माल कुठून, मोडलं तर दुरुस्त होईल का, आणि कोण करेल. दुकानदाराला चौथ्याचं उत्तर येत नसेल तर बाकी उत्तरं पाठ केलेली असतात. मागणी देताना निम्मे पैसे आगाऊ द्या, माप कागदावर लिहून द्या, तारीख त्यांना ठरवू द्या. वस्तूवर थोडी वेडीवाकडी रेघ आली म्हणून परत करू नका. रिकामा वेळ असेल तर आणखी एक करा. २०२३ च्या १७ सप्टेंबरला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभार, सुतार, टोपल्या-चटया विणणारे असे अठरा व्यवसाय आहेत. तुमच्या ओळखीच्या मावशींनी अर्ज केला नसेल तर तो भरायला बसा त्यांच्यासोबत.

हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात मिळणारं बरंचसं गोव्याचं नसतं, आणि त्यात वाईट काही नाही. लमाणी भरतकाम कर्नाटकातलं, ब्लॉकचे छापे राजस्थानातले, शाली काश्मीरच्या. फक्त जे जिथलं ते तिथलं म्हणून घ्या. त्या वस्तूंनाही घराणी आहेत: पंजाबातल्या जंडियाला गुरूच्या ठठेरांचं ठोक्याचं पितळकाम २०१४ साली आणि बांगलादेशातल्या सिल्हेटची शीतलपाटी २०१७ साली युनेस्कोच्या यादीत गेली. दूरच्या वस्तूबाबत मोडल्यावर नेण्याचा प्रश्न अवघड होतो, म्हणून तिथे चिन्हांचा आधार घ्या. कापडाला हातमाग चिन्ह, रेशमाला सिल्क मार्क, हस्तकलेला क्राफ्टमार्क, आणि गालिचे घ्यायचे तर गुडवीव्ह, जे बालमजुरीविना विणल्याची तपासणी करतं. नुसतं 'हँडमेड' या शब्दाला काही आधार नाही.

नव्या वस्तूचंही पान

घरी आल्यावर त्याच वहीत पुढचा आकडा घाला. करणाऱ्याचं नाव आणि गाव त्यांना विचारून लिहा, दिलेली किंमत लिहा, कशासाठी आणली ते लिहा. तांब्या-पितळेच्या भांड्यावर नाव घालून घ्या. भांड्यांच्या दुकानात अजूनही काही ठिकाणी टोच्याने नाव घालणारे बसतात. तळाला घालू नका, घासून घासून तिथलं आधी जातं; बाहेरून काठाखाली, दोन बोटं सोडून घाला. सासरचं आणि माहेरचं, दोन्ही. आणि साल आकड्यात.